देवीचा कोप आणि देवीची लस

मराठीत रोगांना जी नावे मिळाली आहेत, ती बहुधा त्या त्या रोगाच्या लक्षणांवरून मिळाली आहेत. डांग्या खोकला, अर्धशिशी, कावीळ, संधिवात ही नावे उच्चारताच दुखणे कोठे आहे व कसे आहे ह्याचा बोध होतो. ह्या रीतीला सर्वांत ठळक अपवाद एका रोगाचा. ज्या रोगाने शतकानुशतके घरोघरची मुले नेली, वाचली त्यांच्या तोंडावर कायमचे वण ठेवले आणि कित्येकांची दृष्टी हिरावून घेतली, त्या रोगाला मराठी माणसाने 'देवी' असे नाव दिले. मुलाला रोग झाला असे म्हणावयाचे नाही. देवी आल्या असे म्हणावयाचे. पुढे ह्या रोगाला प्रतिबंध करणारी लस निघाली, तेव्हा ती टोचण्याच्या क्रियेलाही 'देवी काढणे' हेच नाव पडले. रोग, रोगाची अधिष्ठात्री आणि रोगावरचा उपाय ही तिन्ही एकाच शब्दात नांदू लागली. धर्मश्रद्धा आणि शरीर-मनाचे आरोग्य ह्यांचा परस्परांशी संबंध कसा असतो, हे समजून घेण्यास ह्या एका शब्दाच्या इतिहासाइतके चांगले साधन क्वचितच सापडेल.

हा रोग आता पृथ्वीवर उरलेला नाही. आजच्या तरुण पिढीने तो पाहिलेला नाही. म्हणून त्याचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. रोगाचे विषाणू बहुधा रोग्याच्या श्वासावाटे दुसऱ्याच्या शरीरात शिरत. सुमारे बारा दिवस काहीच जाणवत नसे. मग एकाएकी तीव्र ज्वर, कंबरदुखी आणि ओकाऱ्या सुरू होत. दोन ते चार दिवसांनी तोंडावर व हातापायांवर पुरळ उठे. पुरळाचे फोड होत, फोडांत पू भरे, आणि रोगी जगलाच तर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास खपल्या गळून पडत. रोगाच्या उग्र प्रकारात शंभरांतील सुमारे तीस रोगी दगावत. एकदा रोग सुरू झाल्यावर त्यावर गुणकारी औषध मिळाले नाही, ते थेट त्याच्या उच्चाटनापर्यंत. जो वाचला त्याला मात्र सहसा हा रोग पुन्हा होत नसे. राजा आणि रंक असा भेद रोगाला ठाऊक नव्हता. शिखांचे आठवे गुरू हरकिशन हे १६६४ मध्ये दिल्लीत बालवयातच ह्या रोगाने गेले; फ्रान्सचा राजा पंधरावा लुई १७७४ मध्ये ह्याच रोगाने मेला; पंजाबकेसरी रणजितसिंहाचा डावा डोळा लहानपणी ह्याच रोगाने गेला.

अशा रोगाला माणसाने दैवताचे रूप द्यावे, हे केवळ भारतातच घडले असे नाही. युरोपातील ख्रिस्ती लोक संत निकेझ ह्याचा धावा करीत. पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांत शोपोना नावाचा देव ह्या रोगाचा स्वामी मानला जाई. चीनमध्येही ह्या रोगाची स्वतंत्र देवता होती. भारतात उत्तरेकडे आणि महाराष्ट्रात शीतला, तर तमिळ प्रदेशात मारीअम्मन अशी नावे रूढ झाली. महाराष्ट्रात माहीम आणि चौल येथील शीतलादेवीची मंदिरे सर्वांच्या परिचयाची आहेत. देवीचे वाहन गाढव, हातांत केरसुणी आणि कलश, मस्तकावर सूप, सोबतीला कडुनिंबाचा पाला. नाव शीतला, म्हणजे थंडावा देणारी. ज्वराने पोळलेल्या देहाला जी वस्तू हवी, तिचेच नाव लोकांनी देवतेला दिले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. श्रद्धा आणि वैद्यक ह्यांची फारकत त्या काळी झालेली नव्हती. 'माधवनिदान' ह्या जुन्या वैद्यकग्रंथात हा रोग 'मसूरिका' ह्या नावाने येतो. मसुरेच्या दाण्यासारखे फोड येतात म्हणून मसूरिका. तेथे त्याचा विचार दोषांच्या प्रकोपावरून केला आहे. पुढे सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या 'भावप्रकाशा'त ह्याच रोगाचे वर्णन शीतला ह्या नावाने येते, आणि पथ्यापथ्याच्या बरोबरीने देवीच्या स्तवनालाही स्थान मिळते. औषध चालत नाही असे दिसून आल्यावर वैद्याने रोग्याला वाऱ्यावर सोडले नाही. पथ्य, शुश्रूषा आणि प्रार्थना एवढे जे हाती होते, ते त्याने दिले.

देवी आलेल्या घरातील आचार पाहिला म्हणजे ह्या श्रद्धेचे दोन्ही पैलू दिसून येतात. घराच्या दारावर कडुनिंबाचे डहाळे लागत. परक्याला आत येण्याची मनाई असे. घरात फोडणी द्यावयाची नाही, तळण करावयाचे नाही, मोठ्याने बोलावयाचे नाही, भांडावयाचे नाही, पायांतली पायताणे घेऊन आत यावयाचे नाही. रोग्याला हलके व थंड अन्न द्यावयाचे. अंगाची आग आणि कंड असह्य झाली की निंबाच्या पाल्याने हळुवार वारा घालावयाचा. ठरलेले दिवस भरले की निंबाच्या पाण्याने स्नान घालून देवीची ओटी भरावयाची आणि तिला निरोप द्यावयाचा. हे नियम प्रांतोप्रांती, जातोजाती थोडेफार भिन्न असत. परंतु एकांत, शांतता, स्वच्छता आणि थंडावा हे त्यांचे सार सर्वत्र सारखेच होते. ज्या काळी संसर्ग हा शब्द लोकांना ठाऊक नव्हता, त्या काळी सोवळ्याच्या रूपाने रोग्याचे विलगीकरण थोड्याबहुत प्रमाणात होऊन जाई.

मनाच्या दृष्टीने ह्या आचाराचे महत्त्व त्याहूनही अधिक होते. सर्वांगावर पुवाने भरलेले फोड, असह्य दुर्गंधी, सुजून बंद झालेले डोळे, असे रूप झालेल्या मुलाजवळ बसणे हे सोपे काम नव्हे. परंतु त्याच्या देहात साक्षात देवी उतरली आहे अशी भावना असल्यामुळे किळसेची जागा आदराने घेतली. आईने त्या मुलाला हात जोडावेत, त्याच्याशी गोड बोलावे, ते मागेल ते त्याला द्यावे, अशी रीत पडली. रोगी टाकून पळून जाण्याचे प्रसंग महामारीच्या इतिहासात पुष्कळ आहेत. अशा प्रसंगी रोग्याची सेवा हे देवतेचे पूजन ठरावे, ही काही लहान गोष्ट नव्हे. ज्यांना औषध देता येत नव्हते, त्यांच्या हाताला ह्या श्रद्धेने काम दिले आणि मनाला धीर दिला.

परंतु ह्याच श्रद्धेची दुसरी बाजूही तितकीच खरी होती. देवी आली ती कोपून आली, असे मानले की कोणाच्या तरी हातून अपराध घडला असला पाहिजे, हे ओघानेच आले; आणि तो अपराध बहुधा घरातील स्त्रीच्या माथी बसे. श्रावणातील शीतलासप्तमीला चूल पेटवावयाची नाही, आदल्या दिवशीचे शिळे अन्न खावयाचे, असा दंडक होता. तो मोडला, नवस फेडावयाचा राहिला, ओटी चुकली, म्हणून मूल गेले असे मानून जन्मभर झुरणाऱ्या माता किती झाल्या असतील, त्यांची गणती कोणी ठेवली नाही. शिवाय एकांताचा नियम सर्वत्र सारखा पाळला जात नसे. कित्येक ठिकाणी रोग्याला पाहण्यास येणे हे देवीच्या दर्शनासारखे पुण्यप्रद मानले जाई, आणि येणारे पुण्याबरोबर रोगही घरी घेऊन जात. श्रद्धेने मनाला आधार दिला तसा भारही दिला. रोगाला अडविले तसे पसरविलेही.

रोगाला प्रतिबंध करण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न झाला तो मात्र श्रद्धेच्या हात धरूनच झाला. बंगालमध्ये टीकादार नावाचा एक वर्ग होता. रोग्याच्या फोडातील द्रव्य निरोगी माणसाच्या दंडात थोडेसे घालून सौम्य स्वरूपाचा रोग मुद्दाम आणावयाचा, म्हणजे उग्र रोग पुढे होत नाही, ही विद्या त्यांच्याजवळ होती. कलकत्त्यास राहिलेल्या हॉलवेल नावाच्या इंग्रजाने १७६७ मध्ये लंडनच्या वैद्यमंडळासाठी ह्या पद्धतीचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या वर्णनाप्रमाणे हे ब्राह्मण टीकादार तिघाचौघांच्या टोळीने रोगाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी गावोगाव जात. ज्यांना टोचून घ्यावयाचे असेल त्यांनी महिनाभर मासे, दूध आणि तूप वर्ज्य करावे लागे. टीकादार दंडाचा भाग कापडाने चोळून एका लहानशा लोखंडी हत्याराने ओरखडे काढी, गेल्या वर्षीच्या फोडातील द्रव्याने माखलेला कापूस गंगाजलाचे थेंब टाकून त्यावर बांधी, आणि हे सर्व चालू असता मंत्र म्हणे. मागाहून थंड पाण्याची स्नाने, थंड आहार आणि शेवटी देवीची पूजा. गरिबांकडून थोड्याशा कवड्या मिळाल्या तरी त्यांचा संतोष होई.

ह्या क्रियेत गंगाजलाचा आणि मंत्राचा उपयोग काय, असा प्रश्न आजचा सुशिक्षित मनुष्य करील. रोगप्रतिबंध झाला तो फोडातील जुन्या द्रव्यामुळे, ह्यात संशय नाही. परंतु निरोगी मुलाच्या अंगात जाणूनबुजून रोग घालू देण्यास आईबापांची छाती झाली ती मंत्रामुळे. टीकादार हा देवीशी भांडण करण्यास आलेला नव्हता. तिला सौम्य रूपाने घरी येण्याची विनंती करण्यास तो आलेला होता. विद्या आणि विश्वास ही दोन्ही एकाच माणसाच्या हातून घरात येत होती. ह्या पद्धतीत दोष होता तो दुसरा. टोचलेल्या माणसालाही खराच रोग होई; शंभरांत एखाददुसरा त्यात दगावे, आणि त्याच्यापासून इतरांस उग्र रोगाची लागण होऊ शके.

ह्याच उपायावरून पाश्चात्त्य जगात धर्मनिष्ठांतच कसे तट पडले, तेही पाहण्यासारखे आहे. १७२१ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरी ह्या रोगाची मोठी साथ आली. तेथील कॉटन मॅदर नामक धर्मोपदेशकाला ओनिसिमस नावाच्या एका आफ्रिकी गुलामाकडून टोचण्याची ही रीत समजली होती. त्याच्या आग्रहावरून डॉक्टर बॉयल्स्टन ह्याने प्रथम आपल्या स्वतःच्या मुलाला टोचले. शहर खवळले, मॅदरच्या घरात जळता हातबॉम्ब फेकण्यात आला. साथ ओसरल्यावर हिशेब झाला तो असा : नैसर्गिक रीतीने रोग झालेल्या ५,८८९ माणसांपैकी ८४४ मेली, टोचलेल्या सुमारे अडीचशे माणसांपैकी सहा मेली. परंतु पुढच्याच वर्षी लंडनमध्ये एडमंड मॅसी नावाच्या धर्मोपदेशकाने व्यासपीठावरून ह्या क्रियेला पाप ठरविले; रोग ही ईश्वराने पाठविलेली परीक्षा अथवा शिक्षा होय, ती चुकविण्याचा माणसाला अधिकार नाही, असे त्याचे म्हणणे. मॅदर आणि मॅसी दोघेही एकाच धर्मग्रंथाला मानणारे होते. एकाने त्यातून उपायाची आज्ञा काढली, दुसऱ्याने उपायाची मनाई काढली. धर्म विरुद्ध विज्ञान असा सरळ सामना इतिहासात शोधू गेल्यास तो फारसा सापडत नाही. एकाच श्रद्धेच्या पोटी दोन्ही वृत्ती जन्मतात.

१७९६ च्या मे महिन्यात एडवर्ड जेन्नर ह्या इंग्रज डॉक्टराने गोस्तनदेवीच्या, म्हणजे गाईच्या सडावर येणाऱ्या सौम्य फोडांच्या, द्रव्याने एका मुलाला टोचून त्याचा देवीपासून बचाव करून दाखविला. जेन्नरच्या लसीत माणसाला देवीचा रोग होतच नसल्यामुळे ती जुन्या टोचणीहून पुष्कळच निर्धोक होती. ही लस जिवंत स्थितीत भारतात आणणे मात्र मोठे कठीण गेले. अखेर व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, बगदाद आणि बसरा ह्या मार्गाने ती मुंबईस पोहोचली, आणि १४ जून १८०२ रोजी अॅना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती प्रथम धरली. त्या मुलीच्या दंडावरील फोडातून दुसऱ्या मुलांना, त्यांच्यापासून आणखी इतरांना, अशी साखळी लावीत ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास आणि कलकत्ता येथवर गेली. भारतातील लसीच्या इतिहासाचे पहिले पान असे मुंबईत लिहिले गेले.

परंतु टीकादाराला जो मान होता तो नव्या लसवाल्याला मिळाला नाही. त्याच्यापाशी मंत्र नव्हता, पूजा नव्हती, पथ्य नव्हते. तो देवीचे नाव घेत नव्हता, आणि त्याच्यामागे परक्या सरकारचा शिपाई उभा होता. हे ओळखून काही अंमलदारांनी एक युक्ती योजिली. मद्रास इलाख्यातील एलिस नामक विद्वान अंमलदाराने धन्वंतरी आणि देवी ह्यांच्या संवादाच्या रूपाने लसीची महती सांगणारी कथा तमिळ भाषेत रचली. धन्वंतरीच्या नावावर घातलेला अशाच अर्थाचा एक संस्कृत उताराही १८१९ च्या सुमारास मद्रासेत छापला गेला. हेतू चांगला होता. साधन मात्र खोटे होते. पुढे हा उतारा एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत गेला आणि गोस्तनदेवीची लस प्राचीन भारतात ठाऊक होती असे सांगणाऱ्यांचा आधार होऊन बसला. त्याला प्राचीन पोथीचा आधार नाही, हे संशोधकांनी पुढे दाखवून दिले; तथापि तो समज अद्याप पुरता मावळलेला नाही. बंगालच्या टीकादारांची खरी विद्या अभिमान धरण्याजोगी असता खोट्या पुराव्यावर अभिमान पोसला जावा, हे त्या युक्तीचे फळ होय. श्रद्धेला फसवून केलेल्या उपकाराचा हिशेब असा उशिरा द्यावा लागतो.

युक्ती फळली नाही तेथे कायदा आला. १८६५ मध्ये बंगाल सरकारने कलकत्ता व आसपासच्या भागात टीकादारांची जुनी टोचणी बंद केली. १८७७ मध्ये मुंबई शहरात मुलांना लस टोचणे सक्तीचे झाले, आणि १८८० मध्ये सर्व ब्रिटिश भारतातील नगरपालिका व छावण्या ह्यांच्यासाठी तसा कायदा झाला. लोक मुले लपवू लागले. सरकारी अहवालांत ह्याचे कारण 'अंधश्रद्धा' ह्या एका शब्दात दिलेले आढळते. परंतु ते पुरेसे नाही. त्या काळी लस एका मुलाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात घालीत. त्यासाठी टोचलेल्या मुलाला आठव्या दिवशी पुन्हा आणवून त्याचा फोड फोडीत; मूल किंचाळे, आईचा जीव तुटे. दुसऱ्या जातीच्या मुलाचे द्रव्य आपल्या मुलाच्या रक्तात जाणार, ही भीती धर्माची होती. पण त्या द्रव्याबरोबर उपदंशासारखे रोगही जाऊ शकतात, ही भीती अगदी खरी होती. लसीचा प्रभाव काही वर्षांनी ओसरतो हे सुरुवातीस नीट उमगले नव्हते. त्यामुळे टोचलेल्यालाही पुढे देवी आलेल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिल्या. वासराच्या अंगावर लस तयार करण्याची पद्धत रूढ झाल्यावर पहिल्या हरकती दूर झाल्या, तर वासराला दिल्या जाणाऱ्या पीडेची नवी हरकत पुढे आली. मुंबई इलाख्याला बेळगावच्या संस्थेतून अशी लस पुरविली जाई. लोकांच्या विरोधात अनुभव, माया, भीती आणि श्रद्धा ह्यांचे धागे एकात एक गुंतलेले होते. त्यांतील प्रत्येक धागा निराळा करून पाहण्याची तसदी थोड्यांनीच घेतली.

ती न घेतल्यास काय होते, हे महाराष्ट्राने दुसऱ्या एका साथीत पाहिले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग असता गोरे शिपाई घरांत, स्वयंपाकघरांत आणि देवघरांत शिरले. त्यातून उठलेल्या संतापाची परिणती २२ जून १८९७ रोजी रँडवरील गोळीबारात झाली, हे सर्वविदित आहे. त्याच वर्षी मुंबईत निराळेच दृश्य दिसले. हाफकिन ह्या शास्त्रज्ञाने प्लेगची लस तयार करून १० जानेवारी रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. इस्माइली खोजांचे धर्मगुरू तिसरे आगाखान त्या वेळी विशीच्या उंबरठ्यावर होते. अनुयायी बिचकतात असे पाहून त्यांनी स्वतः सर्वांसमक्ष ती लस टोचून घेतली. गुरूने केले ते अनुयायांनी केले. साथ एकच, सरकार एकच. फरक इतकाच की, पुण्यात श्रद्धेला धुडकावून उपाय आला आणि मुंबईतील त्या समाजात श्रद्धेच्या उंबरठ्यावरून उपाय आत गेला.

श्रद्धावान पुरुषाच्या शब्दाला एवढे वजन असते, म्हणून त्याची जबाबदारीही मोठी असते. ह्याचे एक हृदयद्रावक उदाहरण महात्मा गांधींच्या चरित्रात आहे. आरोग्यविषयक लिखाणात गांधीजींनी देवीच्या लसीला विरोध केला होता. वासराच्या शरीरातून काढलेले द्रव्य अंगात घेणे त्यांच्या अहिंसेच्या आणि आहाराच्या कल्पनेत बसत नव्हते. संयमाचे आणि स्वच्छतेचे जीवन हाच खरा उपाय, अशी त्यांची निष्ठा होती. १९३० च्या आरंभी, दांडीयात्रेच्या थोडेसे आधी, साबरमती आश्रमात देवीची साथ आली आणि आश्रमातील काही मुले दगावली. गांधीजी फार व्यथित झाले, तरी मतापासून ढळले नाहीत. ज्याला लस घ्यावीशी वाटेल त्याला मनाई नाही, असे ते सांगत. परंतु त्यांच्या छायेत राहणाऱ्यांना त्यांच्या मताविरुद्ध जाणे किती कठीण असेल, ह्याची कल्पना कोणालाही करता येईल. शुद्ध हेतू आणि निर्मळ आचरण ह्यांनी मनाचे बळ वाढते; विषाणूला मात्र त्यांची ओळख नसते.

स्वतंत्र भारताने १९६२ मध्ये देवीच्या उच्चाटनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, आणि १९६७ पासून जागतिक आरोग्य संघटनेने सर्व जगात हे कार्य नेटाने हाती घेतले. उष्ण हवेत टिकणारी कोरडी लस आणि दुटोकी सुई ही दोन साधने हाताशी आली. सरसकट सर्वांना टोचण्याऐवजी रोगी हुडकावयाचा आणि त्याच्याभोवतीच्या सर्व माणसांना टोचून रोगाची वाट तोडावयाची, ही रीत प्रभावी ठरली. तरीही १९७४ मध्ये भारतात सुमारे १ लाख ८८ हजार लोकांना देवी आल्या आणि ३१ हजारांहून अधिक माणसे मेली. बिहारमध्ये कहर झाला. कार्यकर्ते रोग्याचे चित्र हाती घेऊन शाळांत, बाजारांत आणि घरोघर चौकशी करीत हिंडले. रोगी दाखविणाऱ्याला बक्षीस जाहीर झाले आणि त्याची रक्कम वाढत वाढत १,००० रुपयांपर्यंत गेली. घरात देवी असता सुई लावणे हा तिचा अपमान, ह्या भावनेने पुष्कळ ठिकाणी रोगी लपविले जात. रोग्याच्या दाराशी पहारेकरी बसवून परक्याला आत सोडावयाचे नाही, असा नियम मोहिमेने केला. निंबाचा डहाळा लावून आजीने जे पाळावे असे सांगितले होते, तेच आता सरकारी पहाऱ्याने पाळले जाऊ लागले. ज्या कार्यकर्त्यांना हे साम्य दिसले, त्यांचे काम सोपे झाले.

ह्या मोहिमेतील लॉरेन्स ब्रिलियंट नावाचा अमेरिकी डॉक्टर मूळचा आला होता तो नीम करोली बाबांचा भक्त म्हणून. बाबांनीच आपणास देवीच्या निर्मूलनाच्या कामावर पाठविले, असे त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. त्याच मोहिमेच्या अखेरच्या काळातील एक प्रसंग त्याने नोंदविला आहे. दक्षिण बिहारमधील हो ह्या आदिवासी जमातीच्या एका गावात लोक लस घेण्यास तयार होत नव्हते. एका रात्री पथकाने गावच्या प्रमुखाच्या घराचे दार मोडले, आणि तो जिवाच्या कराराने झटत असता त्याला व त्याच्या घरच्यांना खाली पाडून टोचले. झटापट संपल्यावर तो मनुष्य उठला, परसात गेला आणि वेलीवरची काकडी तोडून आणून त्याने पाहुण्यापुढे धरली. त्याच्या म्हणण्याचा आशय असा होता : ईश्वरेच्छेला शरण जाणे हा माझा धर्म, म्हणून मी झगडलो, टोचणे हा तुमचा धर्म असे तुम्ही मानता, म्हणून तुम्ही टोचलेत, आता ते संपले, आणि तुम्ही माझ्या दारी आलेले पाहुणे आहात. मग त्याने विचारले की, तुमचे कर्तव्य इतके खरे असेल तर ते आधी समजावून का सांगितले नाही? पथकातील माणसे खाली बसली, बोलणे झाले, आणि त्यानंतर गावातील बाकीच्यांनी आपण होऊन दंड पुढे केले. ती रात्र योग्य होती की अयोग्य, ह्यावर त्या मोहिमेत भाग घेतलेल्यांनीच पुढे प्रांजळपणे विचार केला आहे. सक्तीने झाले नसते ते थोड्याशा बोलण्याने झाले, एवढे त्या काकडीने दाखवून दिले.

१९७५ च्या मे महिन्यात भारतातील शेवटच्या रोग्याची नोंद झाली. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त ठरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सोमालिया देशात जगातील शेवटचा नैसर्गिक रोगी सापडला. आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. त्यापूर्वी जन्मलेल्या स्त्रीपुरुषांच्या दंडावर लसीचा वण अद्याप दिसतो. त्यांच्या नातवंडांच्या दंडावर तो नाही, कारण त्याची आता गरज उरलेली नाही.

रोग गेला, शीतलादेवी मात्र गेली नाही. तिच्या मंदिरात आजही दिवे लागतात आणि गोवर-कांजिण्यांतून उठलेल्या मुलांना घेऊन माता तिच्या पायांशी येतात. ह्यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. देवीच्या नावाने रोग्याजवळ जागून काढलेल्या रात्री, किळस गिळून केलेली शुश्रूषा, आणि मूल गेल्यावरही घर उभे ठेवण्याचे बळ ही श्रद्धेची कमाई होती. ती कोणत्याही लसीने दिली नसती. रोग हटविला तो मात्र लसीने. ते काम दोनअडीच हजार वर्षांच्या प्रार्थनेने झाले नव्हते. एकीचे काम दुसरीकडे मागितले तेव्हा तेव्हा मुले मेली. एकीने दुसरीचा उपमर्द केला तेव्हा तेव्हा दारे बंद झाली. रोगाच्या साथी ह्यापुढेही येतील, नव्या लसी निघतील, आणि त्या घेऊन कोणी तरी कोणाच्या तरी दाराशी उभा राहील. दारावर निंबाचा डहाळा दिसला तर त्याने तो ओरबाडून टाकू नये. पायताणे बाहेर काढून आत जावे, बसावे, बोलावे आणि मग सुई काढावी. आणि घरातील माणसांनीही देवीला हात जोडल्यावर तोच हात लसीसाठी पुढे करावा.